भंगाळे सर आणि साठावं अक्षर

लग्नाच्या मांडवात माणसं दोन बाजूंना बसतात, मुलीकडची आणि मुलाकडची. भंगाळे सर तिसऱ्याच बाजूला सापडायचे. आचाऱ्याच्या मागे, जिथे भांडी घासलेलं तेलकट पाणी वाहून जातं, तिथे. अंगात पांढरा शर्ट, खिशात होमिओपॅथीच्या औषधाच्या रिकाम्या कुप्या, हातात आइस्क्रीमचा लाकडी चमचा. खाली वाकून ते चिमूटभर चिखल उचलायचे, नाकाशी न्यायचे, डोळे मिटायचे आणि मग कुपीत भरून बूच लावायचे. एका लग्नात नवरदेवाचा मामा घाबरून माझ्याकडे आला आणि म्हणाला, "ते काका काही करणी-बिरणी तर करत नाहीत ना?" मी म्हटलं, "नाही हो, मायक्रोबायोलॉजीचे प्रोफेसर आहेत." त्यावर मामांचा चेहरा आणखीच पडला.

त्यांची माझी ओळख झाली ती नव्वदच्या दशकाच्या मध्यावर. जळगावला नव्या बसस्टँडजवळ एका दुकानाच्या माडीवर माझा कॉम्प्युटर क्लास होता. चार कॉम्प्युटर, एक खडखडणारा प्रिंटर आणि खिडकीत बसवलेला एसी. उन्हाळ्यात निम्मी मुलं कॉम्प्युटरसाठी यायची आणि निम्मी एसीसाठी, हे मला कळत होतं, पण फी दोघांचीही सारखीच होती. चपला बाहेर काढून आत यायचं असा तेव्हाचा रिवाज. एका दुपारी साठीकडे झुकलेले एक गृहस्थ बूट काढून आत आले आणि त्यांच्या मोज्यांतून फरशीवर चांगली मूठभर काळी माती सांडली.

"राहू द्या, झाडू नका," ते घाईने म्हणाले, "ही कुठली आहे ते मला आधी आठवू द्या."

आठवलं तेव्हा त्यांनी ती कागदावर गोळा केली, पुडी बांधली आणि मला विचारलं, "तुमचं हे यंत्र नुसतं लिहितं, की वाचतंसुद्धा?" त्यावेळी मला यंत्राचा फार गर्व होता. मी म्हटलं, "सर, तुम्ही सांगाल ते वाचेल." हे वाक्य पुढे मला किती महागात पडणार आहे, याची तेव्हा कल्पना नव्हती.

सरांचं गाव यावल तालुक्यातलं. घरची केळीची शेती, भाऊ बघायचा. सर एका कॉलेजात शिकवायचे. वर्गात त्यांची भाषा अगदी क्रमिक पुस्तकाची, पण डोक्यात काही चमकलं की ते थेट गावच्या बोलीत उतरायचे. त्यामुळे विद्यार्थ्यांना परीक्षेच्या दृष्टीने महत्त्वाचं काय ते आपोआप कळायचं. 'भो', म्हणजे भाऊ, आला की पोरं खाली रेघ मारायची.

त्यांचं दुखणं त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं. प्रयोगशाळेत काचेच्या बशीत खाऊ घालून जंतू वाढवायचे आणि मग ते मोजायचे, अशी रीत. पण चिमूटभर मातीतल्या शंभर प्रकारच्या जंतूंपैकी बशीत उगवतात ते एखाद-दुसरेच. बाकीच्यांना आपला पाहुणचार पसंत नसतो.

"उगवलं तेच दिसते, भो," सर म्हणाले. "उगवलं नही त्याचं काय? पंगतीत बसला तेवढाच गाव राहते का?"

म्हणून त्यांनी जंतू वाढवण्याचा नादच सोडला होता. मातीतूनच सगळ्यांचा मिळून डीएनए काढायचा, त्याचे तुकडे करायचे, आणि तुकड्यांवरची अक्षरं वाचायची. कोणाचा तुकडा कोणता, हे न विचारता. तेव्हा आपल्याकडे असं करणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके असतील आणि त्यांतलं एक बोट यावल तालुक्यातलं होतं. डीएनए काढायला बर्फ लागायचा. प्रयोगशाळेतला फ्रिज बर्फ करायचा तो मनात आलं तर. मग सर बर्फाच्या कारखान्यातून लादी आणायचे, गोणपाटात गुंडाळून, सायकलच्या कॅरिअरवर. मे महिन्यात ती लादी कॉलेजच्या फाटकापर्यंत विटेएवढी उरायची. शिपाई म्हणायचा, "सर येऊन गेले वाटतं," कारण रस्त्यावर पाण्याची ओली रेघ दिसायची.

ज्या मातीसाठी हा सगळा खटाटोप चालला होता ती अमळनेरच्या बाहेरची. तिथे एक जुनी तेलाची गिरणी कधीच बंद पडली होती. गिरणीच्या मागची नाली आबा पाटलांच्या वावरात उतरायची. वर्षानुवर्षं तेलकट गाळ साचून त्या वावराचा एक लांब पट्टा मेणचट, काळा झाला होता. तिथे काहीच यायचं नाही. फक्त नालीच्या तोंडाशी, दोन खाटा मावतील एवढ्या जागेत, मऊ हिरवं गवत असायचं. सरांना ते गवत दिसलं आणि झोप उडाली. त्यांचं म्हणणं, तिथल्या मातीत तेल खाणारा कोणीतरी आहे. तो बशीत उगवत नाही, म्हणजे त्याचा जनुक थेट मातीच्या डीएनएमधून शोधायचा. एका सरकारी खात्याकडून त्यांना दोन वर्षांचं लहानसं अनुदान मिळालं होतं. काही सापडलं तर काम पुढे चालणार, निवृत्तीनंतरही प्रयोगशाळेचा एक कोपरा त्यांच्याकडे राहणार. नाही सापडलं तर फाईल बंद आणि सर घरी. तीस वर्षं शिकवून झाल्यावर स्वतःचं म्हणावं असं हे एकच काम त्यांच्या हाती होतं.

पुण्यातल्या एका संस्थेत त्यांचे वर्गमित्र होते. ते डीएनएच्या तुकड्यांची अक्षरं वाचून, जुळवून, चौकटीच्या वहीत लिहून पोस्टाने पाठवायचे. ए, टी, जी, सी. चारच अक्षरं, पण पानंच्या पानं. ती माझ्या क्लासमध्ये फ्लॉपीवर चढायची. सर स्वतः वाचायचे आणि माझ्या विद्यार्थिनी टाइप करायच्या. सरांचं वाचणं म्हणजे तीन-तीन अक्षरांची लय, बे एकं बे म्हणावं तशी, डावा पाय ठेका धरून. सुरुवातीला मुली फिदीफिदी हसायच्या. आठवड्याभरात त्यांनाही ठेका लागला, आणि खालच्या दुकानदाराने एकदा वर येऊन विचारलं की तुमच्याकडे भजनी मंडळ सुरू झालं का. दर शनिवारी सर मुलींना केळीचे वेफर्स आणायचे. टाइप केलेलं ते स्वतः वहीशी ताडून बघायचे. एकही अक्षर इकडचं तिकडे नसायचं.

आता जनुक शोधायचा कसा? सरांनी मला ते एसटीच्या भाषेत समजावलं. "एटीजी ही तीन अक्षरं दिसली की समज, गाडी स्टँडवरून निघाली. मग तीन-तीन अक्षरं मोजत जायचं. टीएए, टीएजी नाहीतर टीजीए आलं की शेवटचा थांबा. गाडी लगेच थांबली तर ती गावातल्या गावात फिरली, सोडून दे. पण तीनशे अक्षरं, पाचशे अक्षरं न थांबता गेली, तर ती खरंच कुठंतरी चालली आहे. तो जनुक, भो."

मला हे इतकं सोपं वाटलं, की मी चहा गार होईपर्यंतही थांबलो नाही. माझ्याकडे शाळांचे निकाल लावण्याचा फॉक्सप्रोमधला तयार प्रोग्रॅम होता. अर्ध्या जळगाव जिल्ह्यातली मुलं त्याने पास-नापास केली होती. तोच घेतला, इकडे खरवडलं, तिकडे ठिगळ लावलं आणि दोन दिवसांत सरांचा प्रोग्रॅम उभा राहिला. तीनशे अक्षरांहून लांबची गाडी दिसली तरच छापायचं, नाहीतर 'काही नाही' एवढंच. सरांनी माझ्या पाठीवर थाप मारली. मी कृतकृत्य झालो.

पहिल्या फ्लॉपीला प्रिंटर खडखडला: काही नाही. दुसरीला: काही नाही. महिने गेले, पुण्याहून वह्या येत राहिल्या, काही नाही. वाटलं तर सरांनी पानं समोर घेऊन डोळ्यांनी शोधायला काय हरकत होती? पण एका डोळ्यात मोतीबिंदू आणि मनात यंत्राबद्दल भाविकाची श्रद्धा. मीच एकदा भीत भीत म्हणालो, "सर, प्रोग्रॅम पुन्हा तपासू का?" तर मलाच दटावलं. "माणूस चुकते, भो. यंत्र कशाले चुकीन?" आणि खरं सांगायचं तर मलाही तपासायचा कंटाळा होता. शाळांचे निकाल बिनबोभाट लागत होते, मग यातच काय चुकणार?

यंत्र चुकत नाही म्हटल्यावर सरांनी चूक स्वतःत शोधायला घेतली. माती नीट आणली नसेल, म्हणून भर उन्हात अमळनेरला पुन्हा फेऱ्या. बर्फ कमी पडला असेल, म्हणून दोन लाद्या. मग त्यांच्या मनाने घेतलं की आपण तंबाखू मळतो, त्याच बोटांनी काम करतो, तंबाखूनेच काहीतरी बिघडतंय. तीस वर्षांची तंबाखू त्यांनी एका सकाळी सोडली. त्यांच्या पत्नी, ज्यांना सगळं गाव अक्का म्हणे, त्या पेढे घेऊन माझ्या क्लासवर आल्या. "तीस वर्षं मी सांगू राहिली तर ऐकलं नही. तुमच्या मशीननं सोडवली. त्या मशीनले एक हार आणू का?" मी नको म्हटलं. सर मात्र वाळत चालले होते. रागावलेले असते तर बरं वाटलं असतं. ते नुसते प्रत्येक कागद घडी घालून पिशवीत ठेवायचे आणि चपला शोधायला लागायचे, बूट घालून आलेले असले तरी.

शेवटी मुदत संपली. सरांनी अहवाल स्वतःच्या हाताने लिहिला, आणि मी तो टाइप केला. शेवटचं वाक्य मला पाठ आहे: 'सदर मातीत अपेक्षित जनुक आढळला नाही.' तो टपालात टाकायच्या आधी ते मला घेऊन आबा पाटलांकडे गेले. आबा धोतर-टोपीतले, सत्तरीचे, बोलायला फटकळ, आणि बोलणं सगळं अहिराणीत.

"सर, दोन वरीस तुम्ही माटी लई जातस, पन सांगतस काहीच नही."

"तेच सांगायला आलोय, आबा. तुमच्या नालीत काही नाही."

आबांनी गवताकडे बघितलं, मग सरांकडे. "मंग हाई गवत कसं उगस?"

परतीच्या गाडीत सर पारोळ्याच्या बाजूला तोंड करून खिडकीशी बसले आणि जळगावला उतरल्यावर अहवाल टपालपेटीत टाकला. त्या महिन्यात फाईल बंद झाली. पुढच्या महिन्यात सर निवृत्त झाले, शाल-श्रीफळ घेतलं आणि गावी केळीच्या बागेत राहायला गेले.

सहा-सात महिन्यांनी एका शाळेचे हेडमास्तर निकालपत्रक फडकवत माझ्याकडे आले. त्या वर्षी त्यांनी विषय वाढवले होते. "हा विद्यार्थी कोण?" त्यांनी बोट ठेवलं. तिथे नाव नव्हतं, हजेरी क्रमांक नव्हता, आणि तो बिननावाचा इसम दोन विषयांत पास होता. असे एकूण अठ्ठेचाळीस जण होते. मी हसतच बघायला बसलो. गंमत लगेच कळली. विषय वाढल्यामुळे एका मुलाचे गुण ओळीत मावेनात, ते दुसऱ्या ओळीवर जात होते. आणि माझ्या प्रोग्रॅमला जन्मापासून एकच गोष्ट माहीत होती: एक ओळ म्हणजे एक विद्यार्थी. ओळ संपली की विद्यार्थी संपला.

हसता हसता मी थांबलो. हेडमास्तर काहीतरी बोलत होते, ते मला ऐकू येईना. भंगाळे सरांच्या फ्लॉपीवर मुलींनी नीटनेटक्या ओळी टाइप केल्या होत्या. एका ओळीत साठ अक्षरं.

साठाव्या अक्षराशी ओळ संपायची, आणि माझा प्रोग्रॅम समजायचा, गाडी संपली. तीनशे अक्षरांची गाडी त्याला जन्मात दिसणार नव्हती. पुण्याहून ब्रह्मदेवाने स्वतः लिहून पाठवलं असतं, तरी प्रिंटरने छापलं असतं: काही नाही.

हेडमास्तरांना कसंबसं वाटेला लावून मी फ्लॉप्या काढल्या. दोन बुरशीने खराब झाल्या होत्या, बाकीच्या चालल्या. ओळी सलग जोडल्या आणि पुन्हा शोध लावला. प्रिंटर खडखडला. एकोणिसाव्या वहीत एक गाडी निघाली होती, ती नऊशेपेक्षा जास्त अक्षरं कुठेही न थांबता गेली होती. खात्री करावी म्हणून मी ती अक्षरं पुण्याच्या वर्गमित्रांकडे पाठवली. त्यांनी आपल्या कॉम्प्युटरवर ती जगभरच्या ज्ञात जनुकांशी ताडून पाहिली आणि कळवलं: तेल फोडणाऱ्या विकराच्या, म्हणजे एन्झाइमच्या, जनुकांशी ठेवण जुळते आहे, पण हुबेहूब असा कोणाचाच नाही. नवा दिसतो. भंगाळेला अभिनंदन सांगा.

अभिनंदन सांगायला जायला मला पंधरा दिवस लागले. रोज सकाळी ठरवायचो आणि रोज काहीतरी काम काढायचो. शेवटी एका रविवारी यावलची गाडी धरली. सर बागेत केळीच्या बुंध्याशी फुटलेली पिलं कापत होते. मला बघून इतके खूष झाले, की माझा धीर आणखीच सुटला. अक्कांनी भरीत-पुरी केली. मी जेवलो, पाणी प्यालो, हात पुसले, आणि मग एका दमात सगळं सांगून टाकलं. प्रिंटरचा कागद पुढे ठेवला.

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. कागदावरून बोट फिरवत ते तीन-तीन अक्षरं वाचू लागले, ओठांतल्या ओठांत, अगदी शेवटच्या थांब्यापर्यंत. मला वाटलं, आता हे मला बाहेर काढतील, आणि काढावंच.

"एका ओळीत साठ?" त्यांनी विचारलं.

"साठ, सर."

"म्हणजे गाडी चांगली भुसावळच्या पुढं जाणारी होती. आन् आपणच तिले दर साठ अक्षराले उतरवून घेऊ राहिलो होतो." आणि ते हसले. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. त्यांतलं किती पाणी हसण्याचं होतं, ते मी विचारलं नाही. आतून अक्का म्हणाल्या, "चूक झाली ते बरंच झालं. तंबाखू तर सुटली." पण त्यांचाही आवाज नेहमीसारखा नव्हता.

मग सर उठले आणि शर्ट घालू लागले. "चल. आधी आबाकडं जाऊ. मी त्या मातीवर आळ घेतला, भो."

अमळनेरला पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. आबा बांधावर उभे होते, आणि वावर बघून आम्ही जागच्या जागी थांबलो. तो मेणचट काळा पट्टा निम्म्याहून जास्त हिरवा झाला होता.

"आबा," सर म्हणाले, "माफी मागायला आलो. तुमच्या नालीत आहे. आम्हाला वाचता आलं नाही."

"ते मी तुम्हले पैलेच सांगेल व्हतं," आबा म्हणाले. "तुमी गयात, मंग मी म्हनं, आपन का बठी ऱ्हावं? दूधले विरजन लावतस ना, तसं करं. गवतखालनी चार टोपल्या माटी उचली आनि बठ्ठा पट्टामा टाकी दिनी. पानी मारं. आते देखा."

"म्हणजे गवताखालची माती सगळ्या पट्ट्यात विरजणासारखी पसरलीत? पण मी तर लिहून दिलं होतं, काही नाही म्हणून."

"कागदवर काय लिखेल शे, ते मना गवतले काय माहीत?"

सर त्या हिरव्या पट्ट्यात उकिडवे बसले आणि दोन्ही हातांनी माती उकरून हुंगू लागले. आबा माझ्याकडे बघून डोळे मिचकावत राहिले. माझ्या आयुष्यात मी इतका सुखी माणूस फार थोड्या वेळा पाहिला आहे, आणि त्याचं दोन वर्षांचं सुख मी एका ओळीच्या टोकाशी अडवून ठेवलं होतं, ही गोष्ट तेव्हाही सलत होती, आजही सलते.

दुसऱ्या दिवशी क्लासवर बसून सरांनी त्या खात्याला पत्र लिहिलं. आधीचा अहवाल चुकीचा होता, जनुक आहे, अक्षरं सोबत जोडली आहेत. इथवर ठीक होतं. पुढे त्यांनी लिहिलं: 'वाचनातील ही चूक सर्वस्वी माझी आहे.' मी टाइप करायचं थांबवलं. म्हटलं, "सर, हे खोटं आहे. चूक माझी. माझं नाव घाला."

"घालू नको."

"का?"

त्यांनी माझ्या क्लासकडे बघितलं. चारही कॉम्प्युटरवर मुली बसल्या होत्या, बाहेर पायऱ्यांवर चपलांची रांग होती. "चूक रिटायर माणसाच्या नावावर बरी, भो. तुझ्या वर्गात उद्या पोरं यायची आहेत. माझ्या वर्गात आता कोण येते?"

मी वाद घातला, तर त्यांनी टाइप करायला शेजारच्या मुलीला बसवलं. खात्याकडून दोन ओळींचं उत्तर आलं: फाईल बंद झाली आहे, पत्राची नोंद घेतली. पुढे तेलावर काम करणाऱ्या परगावच्या एका तरुण संशोधकाने सरांकडून तो जनुक मागून नेला. सरांनी तो पोस्टाचा खर्चही न घेता दिला. त्या कामात कुठे तरी बारीक अक्षरांत त्यांचं नाव आहे म्हणतात. मी पाहिलेलं नाही. सर गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. आबा त्यांच्याही आधी गेले.

सरांच्या शोकसभेत एक जुने सहकारी बोलायला उभे राहिले. माणूस मोठा विद्वान, पण वाचनात घाई करायचा, हातचा जनुक एकदा निसटला होता, असं त्यांनी प्रेमानेच सांगितलं. लोक प्रेमानेच हसले. मी तिसऱ्या रांगेत बसलो होतो. उठून बोलायला हवं होतं. उठलो नाही. म्हणून हे आज लिहितो आहे. भंगाळे सरांनी सगळी अक्षरं बरोबर वाचली होती. साठाव्या अक्षरापाशी ओळ मी तोडली.